रेवाकाकीच्या रिकाम्या फळ्या

रेवाकाकीला राग आला की ती भांडी घासायची. खरकटी नव्हे हं, ती तर रोजचीच. मी सांगतेय ती फळ्यांवरची. आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या समोरच सागाच्या तीन लांब फळ्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांच्यावर काकीच्या माहेरची पितळेची भांडी मांडलेली. राग आला की ती सगळीच्या सगळी खाली उतरवायची, चिंच आणि राख घेऊन अंगणात बसायची आणि घासत सुटायची. गल्लीतल्या बायका नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. पेले-तांब्यांचा खणखणाट असला तर साधा राग. मोठी घागर दगडावर खरडायला लागली की समजायचं, भिकनकाकांनी काहीतरी भारी करून ठेवलंय. गावात सगळ्यात चकचकीत फळ्या आमच्या होत्या, कारण सगळ्यात जास्त राग आमच्याच घरात होता!

मी एकदा तिला म्हटलं, "काकी, एवढं घासण्यापेक्षा काकांना सरळ बोलत का नाहीस?"

हातातलं घासणं न थांबवता ती म्हणाली, "त्यासले सांगीसन काय व्हस? भांडा तरी ऐकतस."

भिकनकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आईवडील लहानपणीच गेले, म्हणून मी काकीच्याच हाताखाली वाढले. तिनं मला पोरगी म्हणून वाढवलं, म्हणजे लाड कमी आणि ओरडा जास्त. तापीकाठचं गाव, घरची शेती, मिरची आणि कापूस. खायला-प्यायला कमी नव्हतं. पण त्या घरात काकीचं स्वतःचं असं काही होतं तर त्या तीन फळ्या.

त्या मांडण्याची तिची एक रीत होती आणि त्यात कुणी बोट घातलेलं तिला चालायचं नाही. सगळ्यात वर हंडे आणि घागरी, पालथ्या. मधल्या फळीवर ताटं आणि पराती भिंतीला टेकवून उभ्या, मोठ्याकडून लहानाकडे. खाली तांबे, पेले, डबे. मी एकदा घागर सरळ तोंड वर करून ठेवली तर अशी खेकसली! "उताणी घागर ठेवू नको वं. घर उपाशी दिखस." दर संक्रांतीला ती पतंगाचा कागद आणायची, गुलाबी नाहीतर हिरवा, घडी घालून कात्रीनं त्याची नक्षी कापायची आणि खळ लावून फळ्यांच्या कडेला झालर चिकटवायची. वारा आला की झालर हलायची आणि मागचं पितळ चमकायचं. काय दिसायचं ते! मी जेवताना ताटाकडे न बघता तिकडेच बघत बसायची.

आणि एक गोष्ट. तिच्या लग्नाच्या वेळी भांड्यांची गाडी नाल्यात कलंडली होती, त्यात एका तांब्याला चांगला मुठीएवढा पोचा पडला. दुसरी कुठलीही बाई तो पोचा भिंतीकडे वळवून ठेवेल की नाही? काकीनं तो तांब्या अगदी मधोमध, पोचा पुढे करून ठेवलेला. कुणी हसलं की म्हणायची, "पोचा पडेल शे त पडेल शे. दपाडानं काय?" लपवणं हा प्रकारच तिला माहीत नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच झालं.

आता काकांचं सांगते, आणि सांगताना आजही माझं डोकं तापतं. काकांना घोड्याचं वेड. दरवर्षी सारंगखेड्याची जत्रा आली की फेटा बांधून तयार. "नुसतं देखाले जाई ऱ्हायनू," म्हणायचे. पाच-पंधरा घोड्यांचे दात बघायचे, पाठीवर थापा मारायचे, आणि घरी येऊन महिनाभर तेच तेच. त्यात ती लढाईची वर्षं. पितळेला कधी नव्हे तो भाव आलेला. आणि जत्रेत त्यांना एक पंचकल्याणी घोडी दिसली, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा.

दुसऱ्या दिवशी काकी आणि मी मिरची तोडायला शेतात होतो. संध्याकाळी हात चुरचुरत घरी आलो. काकी पाणी प्यायला आत गेली आणि दारातच थांबली. मी मागून डोकावले. तिन्ही फळ्या रिकाम्या! कागदाची झालर तेवढी हलत होती. जिथं घागरी होत्या तिथं लाकडावर गोल गोल डाग. काकांनी सगळं पितळ गोण्यांत भरलं, वर कडबा टाकला आणि गाडी जत्रेतल्या मोडवाल्याकडे नेली. पोचा पडलेला तांब्यासुद्धा सोडला नाही हो!

बाहेर घोडी खिंकाळली. काका हसत हसत आत आले, "देख वं, घरमा लक्ष्मी उनी!"

काकी वळलीसुद्धा नाही. "लक्ष्मी त तुम्ही गोणीमा भरीसन इकी उनात."

बस. एवढंच बोलली. मी मात्र रडले, आदळआपट केली, काकांना नको नको ते बोलले. ते म्हणाले, "अवं, पुढला साल दुप्पट भांडा लई देसु." जणू भांडी म्हणजे बैलाची पेंड, संपली की आणली! काकीच्या बापानं एकेक ताट वाजवून घेतलं होतं लेकीसाठी. काकी रात्रभर तळमळली असेल, मला ठाऊक नाही. सकाळी मी पाहिलं, तर ती चिंच आणि राख घेऊन बसली होती. घासायला काहीच नव्हतं, म्हणून रिकाम्या फळ्या घासत होती.

पुढे काकांनी नंदुरबारहून एक नवा हंडा आणला, समजूत काढायला. काकीनं तो उचलला आणि सरळ गोठ्यात नेऊन ठेवला. "हाऊ हंडा मन्हा नही. घोडीले पाणी पाजाले ठेवा." आणि घोडी खरंच त्या कोऱ्या हंड्यात पाणी प्यायची. गाव बघायला यायचं.

त्याच उन्हाळ्यात मला बघायला पाहुणे यायचं ठरलं. आमच्याकडे पाहुणे आले की पुरुष ओसरीवर बसतात आणि त्यांच्यातली म्हातारी बाई उठून थेट स्वयंपाकघरात जाते. पाणी मागायचं निमित्त. बघायच्या असतात फळ्या. फळ्या भरलेल्या असल्या तर घर भरलेलं. मधे कुठं रिकामी जागा दिसली की झालं, काहीतरी विकलंय, घर बसलंय. म्हणून पाहुणे यायच्या आधी लोक शेजारपाजारची भांडी मागून आणतात आणि मांडतात. सगळेच करतात आणि कुणीच कबूल करत नाही.

काकांनी आदल्या दिवशी चार घरं फिरून टोपल्या भरून भांडी आणली. "मांडी टाक. एक दिननी गोट शे. उद्या परत करी देसुत."

"मन्ही फळी शे," काकी म्हणाली. "लोकासना भांडा तठे बसाव नहीत."

"पोरगीनं लगीन शे, येडी!"

"म्हनीसन त."

मग काकांनी स्वतःच मांडायला घेतली. घागरी उताण्या, ताटांच्या पुढे डबे, पेले कसेही. मी हात जोडले, "काकी, आज तरी ऐक ना." ती उठून चुलीकडे गेली. मला वाटलं, ऐकलं.

सकाळी उठून आत गेले. लोकांची भांडी टोपल्यांत परत भरलेली. आणि फळ्यांवर घोडीचं सामान! सगळ्यात वर खोगीर, पालथं. मधल्या फळीवर रिकिबी भिंतीला टेकवून उभ्या, त्यांना लगाम गुंडाळलेला, कडेला घुंगरमाळ. खाली अंग घासायचा खरारा, दाण्याचा तोबरा आणि मधोमध चाबूक. घासण्यासारखं जे होतं ते चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. नवी गुलाबी झालर लावलेली. मोठं वर, लहान खाली, तिच्या रीतीत तसूभर फरक नाही. मी किंचाळले. तोवर ओसरीवर पाहुण्यांचे जोडे वाजले.

मुलाची आजी आत आली. पाणी मागितलं, वर बघितलं, आणि हातातला पेला तसाच राहिला.

"हाई काय शे वं बाई?"

"मांडणी शे जिजी," काकी म्हणाली, अगदी शांतपणे. "मन्हा बापनी पितळ दिन्हं व्हतं. ते इकीसन ह्यासनी घोडी लिन्ही. मंग पितळनी जागावर घोडीनं सामान मांडं. बराबर दिखस ना?"

ओसरीवर सगळं ऐकू गेलं. मुलाचा बाप चहा अर्धा टाकून उठला. "असं तोंड असलेल्या घरची पोरगी नको," असं काहीतरी म्हणाला. काका त्यांच्या मागे मागे गाडीपर्यंत पळाले. सगळे निघाले, पण आजी मागे राहिली. तिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मन्हा भांडा बी असाच गयात, पोरी. आज मन्ही फळीवर जे शे ना, ते बठ्ठं मन्ही जेठानीनं शे." म्हणजे सगळं थोरल्या जावेचं, मागून आणलेलं! मग तिनं डोळे पुसले आणि लगबगीनं गाडीत जाऊन बसली.

मी काकीवर तुटून पडले. "तू मन्हं लगीन मोडं!"

"मोडं त मोडं," ती म्हणाली. "आज दपाडं असतं, तू तठे गई असती, आनि मंग कव्हय ना कव्हय त समजतंच. तवय टोमणा कोनले? तुलेच ना!"

बरोबर होतं तिचं. पण मी आजही म्हणेन, मला एकदा विचारायचं होतंस काकी. लग्न माझं होतं.

पुढच्या जत्रेत काका घोडी घेऊन "नुसतं देखाले" गेले आणि पायी परत आले. दाणा-वैरण परवडेना. घोडीबरोबर खोगीर गेलं, घुंगरमाळ गेली. पितळ काही परत आलं नाही, आणि काकीनं दुसरं घेऊ दिलं नाही. फळ्या रिकाम्याच. पण रोज पुसलेल्या. दर संक्रांतीला नवी झालर, रिकाम्या फळ्यांना! आलेली बाई विचारायचीच, "भांडा कथा गयात वं?" काकी ओसरीकडे बोट करायची आणि मोठ्यानं म्हणायची, "त्यासले इचारा." काकांना नेमकं तेव्हाच बैलांना पाणी पाजायचं आठवायचं.

माझ्या सासऱ्यांनीही विचारलं होतं, मला बघायला आले तेव्हा. काकी दारात उभी होती म्हणून काका पळू शकले नाहीत. "मी इकात," म्हणाले, पायाच्या अंगठ्याकडे बघत. सासऱ्यांनी मान हलवली आणि मुहूर्ताचं बोलायला लागले. असंही घर असतं तर!

गेल्या भादव्यात काकी तापानं गेली. मला निरोप मिळेपर्यंत सगळं आटोपलेलं. मी दहाव्याला पोचले. अंगणात बायका जमायला लागल्या होत्या. मी पाणी प्यायला आत गेले आणि दारातच थांबले.

तिन्ही फळ्या भरलेल्या! घागरी, ताटं, डबे, पेले. सगळी लोकांची. घागरी उताण्या.

काका मागे येऊन उभे राहिले. आवाज खाली होता. "लोक येतीन पोरी. तिनी लाज राखानी ना."

तिची! तिची लाज? मी पदर खोचला, पाटावर चढले आणि एकेक भांडं काढून खाली ठेवायला लागले. ठेवायला कसलं, आपटायलाच. घागर, हंडा, परात. अंगणातल्या बायका त्या आवाजानं आत धावल्या. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता ना! काकीची माहेरची भावजय पुढे आली. काकीच्या लग्नानंतर ती पहिल्यांदाच या घरात येत होती, तिला काहीच माहीत नव्हतं.

"काय करी ऱ्हायनी वं? आनि हाई त आम्ही दिन्हात ते भांडा नहीत. रेवाना भांडा कथा शेत?"

शेवटचा पेला काढला. पदरानं तिन्ही फळ्या पुसल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दारात उभ्या असलेल्या काकांकडे बोट केलं आणि अंगणात शेवटच्या बाईपर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं,

"त्यासले इचारा!"