हिचे गुडघे

माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही, हे नवी पेठेत कुणालाही विचारा. स्वतःच्या फजितीच्या गोष्टी मी तिखटमीठ लावून सांगतो — भलत्याच मांडवात शिरून पोटभर जेवून, वर आहेर देऊन आलो ते. दुकानातल्या आरशात स्वतःलाच गिऱ्हाईक समजून ‘या की साहेब’ म्हणालो ते. लोक हसतात, मीही हसतो. पण एक गोष्ट आहे, ती या तोंडातून कधी बाहेर पडली नाही. लेकीसमोर नाही, सख्ख्या भावासमोर नाही, सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यापुढं हात जोडून उभा असतानाही नाही. आज तुमच्यापुढं काढतोय. आणि चिडून काढतोय, हे आधीच कळू द्या.

कुणावर चिडलोय? सगळ्यांवर. आधी गुडघ्यांवर.

सकाळी उठणं म्हणजे काय, ते ज्याचे सांधे धरलेत त्यालाच ठाऊक. डोळे उघडतात, माणूस उघडत नाही. पावसाळ्यात गंजून अडकलेलं दुकानाचं शटर पाहिलंय ना? तसे गुडघे. ओढा, सोडा, शिव्या घाला — अर्ध्यावर येऊन थांबतात. बोटं सुजलेली. सदऱ्याची गुंडी काजात जायला तयार नसते, आणि आपण भिंतीला टेकून एका गुंडीशी भांडत उभे. ऊन वर आलं की जरा वंगण मिळाल्यासारखं होतं. मग खाली बसायची वेळ आली की पुन्हा तेच. हाडांचा आवाज असा, की शेजारचा माणूस वळून बघतो. वय झालं म्हणे. झालं तर झालं की! पण मला न विचारता, माझ्या आधी, माझ्याच गुडघ्यांनी म्हातारं व्हायचं कारण काय?

हे सुरू झालं तेव्हा माझी साठीही आली नव्हती. आणि मी कोण? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तो भलाउंच, जड नंदीध्वज पेललेला गडी. खरं म्हणजे पेलला एकदाच, तोही चार पावलं, आणि मागून दोघांनी धरलेला. पण त्या चार पावलांची वरात मी पुढं जन्मभर काढली. चादरी-टॉवेलच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी नंदीध्वज, मग टॉवेल. असा माणूस ‘माझे गुडघे गेले’ म्हणेल?

नाही म्हणालो. काय म्हणालो ते ऐका.

अक्कलकोटला बायकोच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. जुन्या पद्धतीची, जमिनीवरची पंगत. ही माझ्या आधीच जाऊन बसली — पदर खोचला, मांडी घातली, शाळकरी पोरगी बसावी तशी. पानावर गव्हाची गोड हुग्गी वाढूनही झाली. मी उभाच. मांडवातले बसा की, बसा की म्हणून मागं लागलेले. खाली बसलो तर उठवायला माणसं लागणार, आणि ती सगळ्या पंगतीला दिसणार. आणि मी सरळ सांगून मोकळा झालो, की हिचे गुडघे धरलेत हो, हिला खाली बसवत नाही, आम्ही आपले टेबलावर बसतो.

ती बसलेली होती! मांडी घालून! हातात घास!

तिनं वर माझ्याकडं बघितलं. मग घास पानात ठेवला, एक हात जमिनीवर टेकला, ‘अय्य’ केलं आणि कण्हत उठली. हे मी तिला शिकवलं नव्हतं. लग्न झाल्यापासून माझी अब्रू वाचवायची तिला सवयच होती, तिनं वाचवली. टेबलावर बसल्यावर हसली मात्र. हळूच म्हणाली, “एवढंच होतं तर मला आधी सांगायचं की. नीट लंगडले असते.”

तिथून सुरू झालं. घरात कमोड बसवला — हिच्या गुडघ्यांसाठी. रेल्वेत खालचा बर्थ मागितला — हिच्यासाठी. भावाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी जाणं बंद केलं — हिला जिने चढवत नाहीत. डॉक्टरकडंसुद्धा हिलाच पुढं केलं. खुर्चीत ती, दुखणं सांगणारा मी — सकाळी कसं आखडतं, जिना उतरताना कशी कळ येते, सगळं साग्रसंगीत. डॉक्टरांनी तिचे गुडघे दाबले, वाकवले, फिरवले. ही गुदगुल्या झाल्यासारखी हसली. मग डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं — टेबलाला धरून मी कसा उठतोय तेही बघितलं — आणि तेल लिहून दिलं. ते तेल ही रोज सकाळी दार लावून माझ्या गुडघ्यांना चोळायची. वास तिच्या हातांना यायचा. अंगणात बायका म्हणायच्या, लई सोसते बघा बिचारी.

आणि सकाळचं दुकान! शटरची कुलपं अगदी जमिनीलगत. बाजार उघडायच्या आत आम्ही दोघं जायचो. ही झटक्यात उकिडवी बसायची, कुलपं काढायची, शटर वर फेकायची, आणि पेठ जागी होईस्तोवर रिक्षात बसून घरी — कारण हिला चालवत नाही ना! घराबाहेर पडताना उंबऱ्यात थांबून मला विचारायची, “आज कुठला पाय, अहो? काल डावा होता.” मी उत्तर द्यायचो. आम्ही दोघं हसायचो. हसायचो हो. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते, पण हात खांद्याच्या वर जात नाही.

लोक मला काय म्हणायचे, सांगू? की नवरा असावा तर असा. बायकोसाठी जिना सोडला, पंगत सोडली, देवळात तिच्याबरोबर बाकावर बसून राहतो. हे ऐकून मी मान खाली घालायचो — लाजल्यासारखा. लबाड! दुखणं माझं, लंगडणं तिचं, आणि कौतुक पुन्हा माझंच.

इथवर तुम्हालाही हसू आलं असेल. येऊ द्या. मलाही इथंच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

गिरिजा, आमची एकुलती एक. बार्शीला दिली. तिला दिवस गेले आणि ही वेडी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत, आणि ही त्या रीतीची वाट गिरिजा जन्मल्यापासून बघत असावी. जुन्या मऊ इरकली साड्या फाडून दुपटी शिवली. डिंक, अळीव, खारीक आणून ठेवलं. माळ्यावरून न्हाणीतला बुटका पाट काढला — माळ्यावरून, स्टुलावर चढून, मी खाली स्टूल धरून उभा. एके दुपारी न्हाणीघरात डोकावलो तर ही पाटावर बसलेली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय समोर लांब पसरलेले, आणि नडग्यांवर गुंडाळलेला टॉवेल आडवा. टॉवेलाला न्हाऊ घालत होती. एका हातानं मान धरायची, दुसऱ्यानं चोळायचं — सराव गेलाय, म्हणाली, हात बसायला पाहिजे. मी हसलो. म्हणालो, पोराचं नाव काय ठेवलं? नेहमीची टवाळी, दुसरं काय.

सातव्यात डोहाळजेवणाला बार्शीचे सगळे आले. आता आमच्या व्याह्यांचं काय सांगू? निवृत्त मास्तर, माझ्याच वयाचे, अजून सायकलवर हिंडणारे. त्या दिवशी जेवणानंतर आम्ही दोघं खुर्च्यांवर, आणि मी त्यांना कंबर तलावाला माझ्या रोजच्या किती फेऱ्या होतात ते सांगत होतो. होत एकही नव्हती. वर नंदीध्वज होताच. आता तर त्याला मागून कुणी धरलेलंही नव्हतं.

तेवढ्यात विहीणबाईंनी विषय काढला. बाई मनानं चांगल्या, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही राग त्यांच्यावर काढाल. त्यांचं म्हणणं एवढंच, की रीत आहे हे खरं, पण वहिनींचे गुडघे असे. लेकराला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं म्हणजे रोज खाली बसणं आलं, पाय पसरणं आलं, ओलं लेकरू धरून उठणं आलं. वहिनींना त्रास नको. आमच्याकडंच करू. गिरिजाही म्हणाली, तिला आईचे हाल बघवणार नाहीत. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला यायचं होतं. मग ती माझ्याकडं वळली.

“अप्पा, तुम्हीच सांगा. तुम्हालाच ठाऊक. अव्वाला जमेल का?”

ही पाण्याचे पेले घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडं बघत होती. तशी ती माझ्याकडं कधीच बघत नाही — म्हणजे काही मागितल्यासारखी. तिला कधी काही मागताना मी पाहिलेलं नाही.

काय लागलं असतं मला? एक वाक्य. ‘अगं, तिला काय झालंय, गुडघे माझे गेलेत.’ व्याही हसले असते. मी जन्मभर स्वतःवर लोकांना हसवत आलो, त्यात आणखी एक किस्सा. रंगवून सांगितला असता तर सगळं घर हसून लोळलं असतं. — पण मघाशीच त्या तलावाच्या फेऱ्या सांगितल्या होत्या ना. समोर तो सायकलवाला बसला होता ना.

“नाही जमायचं तिला,” मी म्हणालो.

पेले वाजले. बस, तेवढंच. मग ती पुढं आली, पाणी दिलं, आणि — लंगडत आली हो, लंगडत — म्हणाली, “व्हय. नाही जमायचं मला.”

व्याही म्हणाले, तुम्ही लई जपता बघा वहिनींना.

तुम्ही म्हणाल, ही का नाही बोलली? मीही तेच म्हणत आलो. आधी तिच्यावरच तर चिडलो मी! का नाही बोललीस? तोंड नव्हतं का तुला? पंगतीत उठली ते ठीक, इथंही उठायचं? पण हा राग फार टिकत नाही. तिनं तोंड उघडलं असतं तर माझं खोटं माझ्या व्याह्यासमोर उघडं पडलं असतं, आणि तसं ती कधीच होऊ देणार नव्हती, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. म्हणूनच मी ते बोललो. ती खरं सांगेल अशी एवढीशी भीती असती, तर मी बोललोच नसतो.

नातू बार्शीला झाला. आम्ही बारशाला गेलो. सकाळी न्हाणीघरात विहीणबाई पाटावर पाय पसरून बसलेल्या, पायांवर लेकरू, तांबडंलाल, ठणाणा रडणारं. ही दारात टॉवेल घेऊन उभी. आमच्याच दुकानातला टॉवेल, सगळ्यांत मऊ, तिनं आठवड्याभर धुऊन आणखी मऊ केलेला. विहीणबाई आतून म्हणत होत्या, वहिनी, उभ्या राहू नका, पाय भरून येतील, आत जाऊन बसा. ही हलली नाही. मी बाहेरच्या सोफ्यावरून बघत होतो — तो सोफा खोल, त्यातून मला कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नव्हतं. हिचे हात टॉवेलाखाली हलत होते. मान धरल्यासारखे, चोळल्यासारखे. पाणी तिकडं पडत होतं, हात इकडं हलत होते.

हिच्या टॉवेलात लेकरू पुसून होताच विहीणबाईंनी ते परत घेतलं. दुपट्यात गुंडाळायचं होतं, हिनंच शिवलेल्या. खाली बसून गुंडाळायचं, म्हणून.

परत येताना एसटीत मी हिच्यावर खेकसलो. कशावरून, तर पाण्याची बाटली तिकडं राहिली म्हणून. अख्खी गाडी बघत होती. ती खिडकीबाहेर बघत बसली. वैरागच्या पुढं म्हणाली, “नाक गिरिजासारखं आहे.” एवढंच.

बार्शी काय परदेश आहे का? सकाळी बसलं तर दुपारी परत येता येतं. जाऊन सांगता आलं असतं. त्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात, लेकरू पायांवर मावत होतं तोवर केव्हाही. मी रोज ठरवलं. आणि रोज सकाळी तिच्या हातून गुडघे चोळून घेतले. तेव्हाही सांगितलं नाही. कसला माणूस मी? सांगा ना. नको, सांगू नका.

आता मी काठी घेऊन चालतो. लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून आता मोकळेपणी म्हणतो — माझेही गेले हो. माझे‘ही’. त्या एका अक्षरातसुद्धा मी तिला सोडलेलं नाही. गिरिजा फोनवर विचारते ते अजूनही, अव्वाचे गुडघे कसे आहेत? आणि अव्वा तेव्हा स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत असते.

गेल्या महिन्यात मी हिम्मत केली. ही परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. खाली बसून. घरात आम्ही दोघंच असलो की ती खालीच बसते. मी म्हणालो, गिरिजाला फोन लावतो, सगळं खरं सांगून टाकतो. तिनं पीठ मळणं थांबवलं नाही.

“साकु बिड्री,” म्हणाली. पुरे झालं, सोडा. मनातलं बोलायचं असलं की तिला माहेरची कानडी येते. मग मला नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाली, “आता सांगून काय करता? पोरगं आपल्या हातानं अंघोळ करतंय की.”

मी फोन खाली ठेवला. आणि मला काय वाटलं, तेच सांगायला एवढं लिहिलं — वाईट नाही वाटलं. लाजही नाही. सुटलो, असं वाटलं.