वाफ्याच्या काठावर थांबणारे किसनभाऊजी

किसनभाऊजी गेल्याचा निरोप दुपारच्या मेहकर गाडीच्या कंडक्टरनं आणला. मी ओसरीत अंबाडी निवडत होते. गाडी उभी करून तो घरापर्यंत चालत आला, तेव्हाच मी समजले. बुलढाण्याच्या दवाखान्यात सकाळी गेले. पोटाचं दुखणं जुनंच होतं. शेजारच्या बाया जमल्या, मी चुलीवरचं वरण उतरवलं आणि यांना शेतातून बोलावून घेतलं. या गोष्टीला आता महिना उलटून गेला. मध्यंतरी याच पुरवणीत त्यांच्यावर कोणी तरी लिहिलं. चांगलंच लिहिलं. पण शेवटी म्हटलं, कॉम्रेड मरेपर्यंत आपल्या मतापासून हलले नाहीत. हे खरं नाही. ते हलले, चारचौघांत हलले, आणि त्यात त्यांनी उभी केलेली एकत्र शेती मोडली. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मला लिहिता येतं.

ते माझे धाकटे दीर. तरुणपणी खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तिथं लाल बावट्याच्या लोकांत बसू-उठू लागले आणि एक दिवस नोकरी सोडून जानेफळला परत आले. लग्न केलं नाही, जेवण माझ्याकडे. महाराष्ट्र नवाच झाला होता. एकत्र शेती करा असं सरकारही सांगत होतं, पण भाऊजींच्या डोक्यात होती ती रशियाची शेती. आमच्यासारख्या काही घरांना त्यांनी तयार केलं. शेवंताच्या घराला सरकारकडून पडीत जमीन नुकतीच मिळाली होती, बौद्ध वस्तीतल्या त्या घरानंही ती आमच्यात घातली. बांध फोडले. वर्षभरात कुठं कपाशी, कुठं ज्वारी, कोणी कुठं राबायचं, हे सारं भाऊजींनी आमच्या भिंतीवर गेरूनं लिहून काढलं. त्याला ते नियोजन म्हणत. मी त्याला भिंत खराब करणं म्हणत होते.

पहिली वर्षं बरी गेली, हे मी नाकारत नाही. एकट्या घराला झाली नसती अशी विहीर झाली. पण वाटा सगळ्यांचा सारखा, आणि राबणं सारखं नव्हतं. तुळशीराम म्हणून एक गडी होता, बोलायला पहिला आणि निंदणाला शेवटचा. त्याच्याकडे पाहून बाकीचेही हात आखडते घेऊ लागले. भाऊजी म्हणायचे, माणूस हळूहळू बदलतो. बायांचं दुखणं वेगळंच होतं. घरांमागच्या पट्ट्यासुद्धा भाऊजींनी एकत्र शेतीत ओढल्या होत्या. तिथंही कपाशी. हिरवी मिरची हवी तर बाजाराचा दिवस येईपर्यंत थांबा. शेवटी मी विचारलंच.

"भाऊजी, घरामागची पट्टी तरी बायांले द्या. मिरच्या लावू, वांगे लावू."

"वैनी, आज पट्टी मागता, उद्या बांध मागसान."

"मागीन. काऊन नाई मागू?"

"मन वाफ्यात राहीन अन् हात कपाशीत. अशी शेती होत नाई."

शेवंता माझ्या मागंच उभी होती. ती म्हणाली, "कामरेड, माह्या बापजाद्याईले कधी बांध नव्हता. सरकारनं देल्ला, तो तुमी मोडला. आता मिरचीचं रोपबी माह्यं नाई म्हनता?"

तरी भाऊजींनी पट्टी दिली नाही. दुसरं वर्ष गेलं, तिसरं गेलं…

त्यांच्याकडे टपालानं रशियाचं एक मासिक यायचं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. एरवी ट्रॅक्टर आणि धरणं असायची. एका संध्याकाळी सगळ्यांना आमच्या अंगणात बोलावून त्यांनी त्यातलं वाचून दाखवलं. तिथल्या सरकारनं आता धोरण बदललं होतं. सगळं वरून ठरवून भागत नाही, कारखान्यानं आपला नफा-तोटा पाहावा, चांगलं काम करणाऱ्याला जास्त द्यावं, असं. पुढच्या पानावर डोक्याला रुमाल बांधलेल्या एका म्हातारीचं चित्र होतं. बाजूला गाय, पुढं गोबीचा वाफा.

"हे बुढी कोन?" शेवंतानं विचारलं.

"तिथली शेतकरीन."

"अन् गोबी कोनाची?"

"तिची."

"साऱ्याईची नाई?"

"नाई. घरामागचा वाफा तिथं पहिलेपासून ज्याचा त्याचाच हाये." भाऊजींनी मासिक मिटलं. "मले हे मालूम नव्हतं."

मग तुळशीराम म्हणाला, "म्हंजे कामरेड, आपन रशियाच्याई पुढं निंगून गेलो म्हना!" सगळे हसले. भाऊजीही हसले. मग म्हणाले, "मी चुकीचं सांगत होतो. उद्या पट्ट्या आखू."

लोक गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "मासिक तुमी एकलेच वाचता. दाखवलं नसतं तर कोनाले समजनार होतं?"

"मले तर समजलंच होतं न, वैनी."

पट्ट्या आखल्या. बायांच्या हाताला जणू जोर आला. शेवंताचा वाफा सगळ्यांत आधी हिरवा झाला. आणि भाऊजी म्हणाले होते तेही खरं झालं. त्या पावसाळ्यात वाफ्यांत गवताची काडी नव्हती आणि एकत्र कपाशीत गवत कमरेला लागत होतं. मग त्यांनी तासं, म्हणजे कपाशीच्या ओळी, माणसागणिक वाटून दिली, ज्याचं निंदण चांगलं त्याला वाटा जास्त, रशियानं सांगितलं तसंच. तर भांडणं वाढली. कोणाचं निंदण चांगलं हे ठरवणार कोण? भाऊजींनी ठरवलेलं कोणाला पटेना. एक-दोन हंगाम ओढले, मग लोक म्हणाले, बांध घाला. त्यांनी कोणाला अडवलं नाही. दोरी घेऊन स्वतः उभे राहिले आणि पहिला बांध शेवंताचा घातला. भिंतीवरचा गेरू मी शेणानं सारवून टाकला, तेव्हा ओसरीत बसून पाहत होते. म्हणाले, "तो कोपरा राह्यला, वैनी." सारवला तोही.

नंतरची वर्षं ते आमच्याच शेतात राबले. जमीन आमची दोघा भावांची, त्यात त्यांचा अर्धा हिस्सा होताच. पण माझ्या वाफ्यात त्यांनी कधी पाय ठेवला नाही. जेवायच्या आधी हात धुऊन काठावर यायचे, नेहमीच्या जागी उभे राहायचे आणि विचारायचे, "वैनी, एक मिरची घेऊ काय?" मी चुलीपाशी असले तरी आतून 'घ्या' म्हणेपर्यंत थांबायचे. कितीदा सांगितलं, विचारू नका, घर तुमचंच आहे. म्हणायचे, "घर हाये. वाफा तुमचा हाये." दवाखान्यात मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्यांचं तिखट बंद होतं. तरी विचारलंच, "वाफ्याले पानी देऊन राह्यल्या न?" मी म्हटलं, हाव.

गेल्या आठवड्यात मी वाफा खणला, नवं रोप लावायचं होतं. काठावर एका जागी माती उभं राहून राहून दगडासारखी झाली आहे, कुदळ लागत नाही. तेवढी जागा सोडून बाकीचा वाफा खणला. तिथं तसंही काही उगवणार नाही.