तीच पूड

तारनाक्याच्या प्रयोगशाळेत मी स्टोअर सांभाळायचे. अमिनोफॉस्फॉनिक आम्लं बनवणारे एक केमिस्ट रोज खिडकीशी यायचे आणि फक्त फिल्टर पेपर मागायचे. अभिक्रिया घडवून आणणारी कॅटॅलिस्टची पूड ते दर वेळी गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा वापरायचे. कागदाला चिकटलेली चिमूटभरही ब्लेडनं खरवडून घ्यायचे.

मग विभागांची फेररचना निघाली. समितीसमोर प्रयोग जमला तरच त्यांचं टेबल राहणार होतं. आदल्या दिवशी मीच ताज्या कॅटॅलिस्टची बाटली पुढे सरकवली. "उद्यापुरती घ्या. कोण बघतंय?"

"नक्को मॅडम. नव्यानं कुणाचंबी होतंय. जुन्यानं होतं, असं मी म्हणतोय ना?"

जुन्यानं निम्मंच आम्ल निघालं. त्यांनी तो आकडा स्वतःच समितीला वाचून दाखवला. टेबल गेलं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले. बाटली अजून माझ्यासमोरच होती. मला उगाच ती झाकावीशी वाटली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"फिल्टर पेपर द्या, मॅडम. सिंकजवळ हातभर जागा मिळाली. धुवायला बरं पडतंय."