दुसऱ्या पायलटचा शर्ट
परवा लाँड्रीतून आलेला पांढरा शर्ट उलगडला आणि खळीच्या वासासरशी मी थेट सोनेगावच्या विमानतळावर, मे महिन्याच्या उन्हात जाऊन उभा राहिलो. तेव्हा मी भाड्याने विमानं देणाऱ्या एका छोट्या कंपनीत सामान चढवायचं-उतरवायचं काम बघत असे. रायपूरला लग्नासाठी निघालेलं एक व्यापारी कुटुंब विमानात बसलं होतं. नियमाने दोन पायलट हवेत, आणि दुसरा घरी तापाने फणफणलेला. मालकांनी ऑफिसात टांगलेला त्याचा शर्ट माझ्या अंगात चढवला. "तुले काहीच करा लागत नाही गा, गुमान बसून राय." मी कॅप्टनशेजारी बसलो. समोर नुसते काटेच काटे हलत होते आणि मागून नवरदेवाची आजी मला हात जोडत होती. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. "काहून घाम फुटला तुले? मले चक्कर आली तं विमान कोण उतरवणार, तू?" "मी नाही जी." "मंग चाल खाली," म्हणत तो स्वतःही उतरला आणि पंखाच्या सावलीत जाऊन बसला. मालक ओरडत राहिले, तो ढिम्म. शेवटी फ्लाइंग क्लबातला एक खराखुरा पायलट स्कूटरवर आला, पण साध्या कपड्यांत; म्हणून मालकांनी माझ्या अंगातला शर्ट काढून त्याला दिला. विमान उडालं आणि मी तापल्या सिमेंटवर, नुसत्या बनियानवर, दोन्ही हातांनी टाटा करत राहिलो. "अहो, घाला ना तो शर्ट, उशीर होऊन राहिला," बायको म्हणाली. म्हटलं, "थांब वं, घडीभर बनियानवरच बरं वाटते."