साइट व्हिजिट: वालधुनीपासून वांगणीपर्यंतचा ब्राझील

दहावीच्या भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझीलवर आहे; त्यात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे, आणि माझ्या क्लासमधली एकही मुलगी कधी क्षेत्रभेटीला गेलेली नाही. अहवाल मात्र सगळ्यांचे तयार असतात, गाईडमधून उतरवलेले. पहाटे बसने समुद्रकिनारी निघालो, दीपगृह पाहिलं, ज्ञानात भर पडली. कुठली बस, कुठलं दीपगृह, असं विचारलं तर मुली हसायला लागल्या.

"ताई, मागच्या वर्षी माझी बहीण पण त्याच बसने गेली होती," श्रुतिका म्हणाली.

मला हसू आलं नाही. मी उल्हासनगरात सामाजिक शास्त्रांचा क्लास घेते. भूगोल घेऊन बी.ए. केलं, घरातली पहिली पदवी माझीच. मलाही शाळेने ब्राझीलचे प्राकृतिक विभाग असेच घोकायला लावले होते: उच्चभूमी, अजस्र कडा, किनारी प्रदेश, मैदानी प्रदेश, द्वीपसमूह. कडा म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नाही. आणि तो वर्गाच्या खिडकीतून दिसत होता! तेव्हा ठरवलं, चार मुलींना घेऊन रविवारी निघायचं आणि ब्राझील इथेच शोधायचा. श्रुतिका शाळेत याच भेटीचा अहवाल देणार होती. तिची आई जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. तिने परवानगी दिली, पण बजावलं, "फिरवा, पण अहवालाचे मार्क जाऊ देऊ नका. एका मार्काने कॉलेज हुकतं."

सकाळी उल्हासनगरच्या कॅम्प भागात दाल-पकवान खाऊन निघालो. तुम्हीही खाऊनच निघा, पुढे धड काही मिळत नाही. वालधुनीच्या पुलावर पहिला थांबा. नकाशात ॲमेझॉनला शेकडो उपनद्या आहेत, हे दाखवायला मी नदी निवडली होती. नाक दाबूनच शिकवावं लागलं. पाणी त्या दिवशी जांभळट काळं होतं.

"ही ॲमेझॉन असती तर पिरान्हांनी कधीच बिऱ्हाड हलवलं असतं," निकिता म्हणाली. मुली खिदळल्या. याच नदीच्या काठी अंबरनाथचं शिवमंदिर आहे. हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी देवासाठी जी जागा निवडली, तिथून आता आम्ही रुमाल लावून जातो, आणि याची कुणाला लाज वाटत नाही.

अंबरनाथहून बदलापूर, तिथून शेअर रिक्षाने खरवई. कडा नीट दिसेल अशी उंच जागा हवी होती. समोर एका नव्या टॉवरचं काम चालू होतं. वॉचमनने विचारलं, "साइट व्हिजिट के लिए आए हो?" निकिताने प्रामाणिकपणे मान हलवली. "हो काका, क्षेत्रभेटच आहे."

शब्दाला शब्द अगदी बरोबर होता. दोन मिनिटांत थंड पाण्याच्या बाटल्या आल्या आणि टाय लावलेला एक सेल्सवाला मला विचारू लागला, वन बीएचके बघताय की टू. मी खरं सांगितलं. पण त्याचा विश्वास बसला नाही. त्याने आम्हाला सातव्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीत नेऊनच सोडलं.

आणि तिथून सगळी रांग दिसली. चंदेरीचा सुळका, ताहुली, मधले खांदे, एकसलग भिंत. मी सांगितलं, ब्राझीलच्या किनाऱ्यालाही अशीच भिंत आहे, तोच अजस्र कडा; तिच्यामागे उच्चभूमी, आणि आपण उभे आहोत तो किनारी प्रदेश. समुद्रावरचा वारा तिला थडकून वर चढतो, अलीकडे पाऊस पाडतो आणि पलीकडे कोरडा उरतो. आपल्या घाटापलीकडे दुष्काळ का, तर याच कारणाने.

श्रुतिकाने बोटाने रांगेची कड हवेत गिरवली. मग म्हणाली, "हे पाठ करत होतो आपण?"

"हाच आपला यूएसपी," सेल्सवाला खूश होऊन म्हणाला. "फुल हिल व्ह्यू. आणि ते समोर जेसीबी दिसतायत ना, तिकडे फेज टू."

जेसीबी टेकडीची कूस कापत होते. लाल माती उघडी पडली होती.

"फेज टू झाल्यावर फेज वनला काय दिसणार?" श्रुतिकाने विचारलं.

"बेटा, म्हणून फेज टूमध्ये पण बुक करायचं."

शेवटचा थांबा वांगणी, म्हणजे आमचा मैदानी प्रदेश. उल्हासच्या काठी वालाची शेतं आणि मध्येमध्ये प्लॉटची तारेची कुंपणं. शेंगा खुडणाऱ्या एका मावशींना मुलींनी विचारलं, इथे बेटं कुठे आहेत? "पावसात या गो," त्या म्हणाल्या, "या नव्या बिल्डिंगी आहेत ना, त्याच बेटं होतात." पाचवा विभागही सापडला.

रिक्षा, तिकिटं, खाणं मिळून माणशी दोनशेच्या आत भागतं. पावसाळा सरला की जा. पायांत बूट हवेत आणि वालधुनीसाठी रुमाल.

श्रुतिकाने चार पानं लिहिली. नदीचा रंग लिहिला, टेकडी लिहिली, मावशींचं वाक्यही लिहिलं. शाळेतल्या सरांनी ती परत केली. क्षेत्रभेटीत निसर्गसौंदर्य लिहायचं असतं, तक्रारी नाहीत. गाईडप्रमाणे आणलं नाही तर मार्क नाहीत. मी जाऊन भेटले. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही क्लास घ्या, शाळा आम्ही चालवतो." डोळ्यांनी पाहून लिहिलेलं खोटं ठरतं आणि उतरवलेलं खरं, याला शिक्षण म्हणायचं? पण तिच्या आईला मी काय सांगणार होते? मार्क माझे जाणार नव्हते.

श्रुतिकाने गाईड उतरवलं. लाल शाईत शेरा मिळाला: 'छान निरीक्षण.' पूर्ण मार्क.

तिची चार पानं मी क्लासच्या भिंतीवर लावली आहेत. काल ती त्यांच्यासमोर उभी होती. मी मुद्दाम विचारलं, काय गं, दीपगृह कसं होतं?

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"फेज टू आडवा आला, ताई. दिसलंच नाही."