ब्यूनस आयर्सचा बंगला

जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक गृहस्थ राहतात. ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर ब्यूनस आयर्सला काय जाऊन आले, लिफ्टमध्येसुद्धा कॅमेरा काढून तिथल्या इमारती दाखवतात. "आपल्याला आर्किटेक्चर कळतं, यार! तुम्ही लोक खोक्यात राहता." स्वतः राहतात त्याच खोक्यात, सातव्या मजल्यावर.

परवा त्यांच्याकडे गणपतीच्या दर्शनाला गेलो. मखराशेजारीच फ्रेम केलेला मोठा फोटो होता. संगमरवरी बंगल्यांची गल्ली, आणि एका दाराला टेकून हे उभे.

"शांतता बघा! रस्त्यावर चिटपाखरू नाही. रिटायर झालो की असल्याच बंगल्यात राहायला जाणार."

मी जवळून पाहिलं. दारावर क्रूस होता, आणि जाळीतून आतली शवपेटी दिसत होती.

"जाल हो," मी म्हणालो, "घाई कशाला करता?"