आईवरच्या ब्लॉगची शेवटची नोंद

दुपारी दूध पिता पिता लेक झोपते, आणि तिला मांडीवर तसंच ठेवून शाल्मली लॅपटॉप जवळ ओढते. जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवलेल्या आपल्या आईवर ती ब्लॉग उभा करते आहे. साध्या मजकुराच्या फायली, त्यात संगणकाला कळतील अशा खुणा. मथळ्याआधी एक हॅश, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या. पान तयार झालं की खुणा गायब होतात. सगळं झालंय, शेवटची नोंद तेवढी अडली आहे. आई गेली तेव्हा शाल्मली दवाखान्यातून लेकीला पाजायला घरी आली होती. आई शेवटी काय बोलली, घरात कुणालाच ठाऊक नाही. ‘शेवटी आई म्हणाली’ एवढं लिहून तिचा हात थांबतो. पापण्या मिटू लागतात.

खांद्यावरून कुणीतरी वाकून बघतंय. गळ्यात टेप अडकवलेली आई. आणि हे घर कुठलं, हे तर चिपळूणच्या स्टँडामागचं आईचं दुकान. लॅपटॉप शिलाई मशीनवर ठेवलाय.

“ह्या चांदण्या कसल्या गं?”

शाल्मली सांगते, की त्यांनी शब्द ठळक होतो, नंतर त्या दिसत नाहीत.

“म्हणजे धावदोराच की. पक्की शिलाई पडली की ओढून काढायचा.”

आपल्याला कळलं म्हणून आई खूश होते. मग हिचा दंड मोजते, बाळंतपणात केवढी भरलीस म्हणून कुरकुरते आणि बाहीवर निळ्या खडूने रेघ ओढते. दुकानाच्या पायरीपासून दवाखान्याचा व्हरांडा सुरू होतो. फिनेलचा वास येतो.

“आई, शेवटी काय म्हणालीस?”

“तुला कशाला हवंय?”

“मी नव्हते ना.”

आई जरा आठवून बघते. “नर्सबाईंची बाही उसवलेली. म्हटलं, सुई आणा, टाका घालून देते.”

“माझं नाव नाही घेतलंस?”

“तू पोरीला पाजत होतीस. हाक मारली असती, तर तिला अर्धपोटी टाकून धावली असतीस.”

शाल्मलीला काहीतरी बोलायचं असतं. आई टेप गुंडाळत व्हरांड्यातून चालू लागलेली असते, आणि व्हरांडा लांबतच जातो.

लेक चुळबुळते. शाल्मली डोळे उघडते. गाऊनच्या बाहीवर दंडापाशी निळी रेघ आहे. ती त्यावरून बोट फिरवते. लेक उठायच्या आत ते वाक्य पुरं करायला हवं. एका हाताने ती टाइप करू लागते, आणि पहिल्याच अक्षराला कीबोर्डवर निळा ठसा उमटतो.